तिसरी सुपारी

उजनीचं धरण भरायच्या आधी भीमेतली पाणमांजरं एकदा डोळे भरून बघायचीच, असं त्रिंबकनं ठरवलं होतं. जेऊरच्या धोंडीराम नावाड्यानं त्याला सांगून ठेवलं होतं, "पाण्यात सुपारी सोडून आवतण द्या. तवाच येत्यात ती."

रविवारची गाडी ठरली. शुभकार्याची पहिली सुपारी घरच्या देवाला, त्याच रीतीनं त्रिंबकनं पहिली सुपारी सोलापुरातल्या आपल्या परसातल्या हौदात सोडली. त्याची बायको वच्छला खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी थापत होती. हौदाकडून बारीक शीळ आली.

"अवो, हौदात कोन हाय?"

त्रिंबकनं हौदाशी जाऊन बघितलं. पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. तळाला सुपारी मात्र नव्हती.

तो मागं वळला. हौदापासून चुलीपर्यंत ओली पावलं उमटली होती, बोटांमध्ये पडदा असलेली. सगळी आत जाणारी. परतीचं एकही नाही.

वच्छलाच्या पाटाशी तीन ओल्या सुपाऱ्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"आपल्यालाच उलट आवतण?" त्रिंबक कसंबसं हसला. "पर घरात आपन दोघंच की. तिसरी कुनाला?"

वच्छलाचा हात पदराआड पोटावर गेला. दिवस गेल्याचं तिनं अजून त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.