लाल बोट, पांढरी बोट

लाल बोट चकाचक होती आणि पांढरीच्या निम्म्या किमतीत मिळत होती, म्हणून दादाचा जीव तिच्यावरच जडला होता. पोरं तर केव्हाच तिच्यात चढून तोंडाने भोंगा वाजवत होती. नळदुरुस्ती करून पोट भरणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीने मात्र पोरांना खाली उतरवलं, दुकानाबाहेरचा पाइप ओढत आणला आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या दोन्ही बोटींत सरळ पाणी सोडलं.

"अहो ताई, बोट पाण्यात सोडतात, पाणी बोटीत नाही!" दुकानदार खिदळला.

"टाकी आम्ही अशीच तपासतो," म्हणत ती जमिनीवर ठाण मांडून बसली.

पांढरी कोरडीठाक राहिली. लाल बोटीच्या बुडातून टपटप सुरू झाली. तरी दादा ऐकेना.

"एवढंसं तर गळतंय! माझ्या घरातलं गळकं सगळं तूच नीट करतेस ना? मग हीपण करशील. एक फोन केला की येतेस तू."

"येईन की, दादा. फक्त तळ्याच्या मधोमध पोचायचं कसं, तेवढं आत्ताच सांगून ठेव."