मोडीत काढलेल्या केंद्राचा वारा

डिस्क पुन्हा गच्च भरली होती. दुपारी वादळाचा इशारा द्यायचा होता, होड्या समुद्रात होत्या, आणि किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रांची माहिती घ्यायला सर्व्हरवर जागाच नव्हती. जागा कोण खातंय ते शोधलं, तर टेकडीवरचं केंद्र निघालं.

मी साहेबांना फोन लावला.

"अगं, ते तर आपण केव्हाच मोडीत काढलं," ते म्हणाले. "सामान तुझ्या मागच्याच कपाटात पडलंय."

कपाट उघडून पाहिलं. यंत्रं कागदात गुंडाळलेली होती, वायरी तोडलेल्या. मी कपाटाला कुलूप घातलं आणि त्या केंद्राच्या सगळ्या फाइली उडवल्या. चहा घेऊन येईपर्यंत डिस्क पुन्हा भरत आली होती.

आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून मी ताजी फाइल उघडली. सेकंदाला एकच ओळ उमटत होती, तरी फाइल भराभर फुगत होती. तापमान माणसाच्या अंगाला असतं तेवढं. वारा अगदी हलका, थोडा वेळ एका दिशेने, मग थोडा वेळ बरोबर उलट्या दिशेने. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे.

माझी छाती त्याच लयीत वरखाली होत होती, हे जरा उशिराच लक्षात आलं.

असल्या चाळ्यांना मी भीक घालत नाही. मी श्वास रोखून धरला.

वारा शून्य. पुढची ओळ, शून्य. त्याच्या पुढचीही शून्य.

मी हट्टाने तशीच बसून राहिले, श्वास सोडलाच नाही.

वारा मात्र पुढच्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला.