लाल बटण

जान्हवी मरोळच्या एका संस्थेत जहाजावर जाणाऱ्या मुलांना रेडिओ शिकवते. त्या सकाळीही तिने वर्गाला नेहमीचंच बजावलं, "जीव धोक्यात आला की झाकण उघडून लाल बटण दाबून धरायचं. तुम्ही कोण, कुठे आहात, काय ओढवलंय, ते आसपासच्या सगळ्या जहाजांना आणि किनाऱ्याला एकदम कळतं. त्यांचे रेडिओ केकाटायला लागतात. पण चुकून दाबलं गेलं, तर सेट बंद करून गप्प बसायचं नाही. बोलायच्या चॅनलवर येऊन सगळ्यांना सांगायचं, चुकून झालं, येऊ नका."

संध्याकाळी मुलुंडच्या घरी सुबोधने पुन्हा हात उचलला. जान्हवीने बाथरूममध्ये शिरून आतून कडी घातली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'जान्हवी. बी विंग, सातशे दोन. नवरा मारतोय.'

बघता बघता अर्धी विंग दारात जमली. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या पायात चपलाही नाहीत. सुबोध दार अडवून हसत होता, "काही नाही हो, गैरसमज झालाय." जान्हवी बाहेर आली, तशा सासूबाई तिच्या कानाशी लागल्या, "तो मेसेज डिलीट कर गं. सांग त्यांना, चुकून गेला म्हणून."

सुजलेला गाल न झाकता जान्हवी सुबोधला बाजूला सारून उंबऱ्यात उभी राहिली.

"चुकून नाही गेला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "या, आत या."