राक्षसाचा आवाज

माईकसमोर कीर्तनकार खांबेटेबुवांनी राक्षसाची अशी डरकाळी फोडली की स्टुडिओची काच थरथरली. पडद्यावर केतकीनं बनवलेल्या हॉरर गेममधला बाप कुऱ्हाडीनं दार फोडत होता. आई रक्तात पडली होती, पोर पलंगाखाली दडली होती.

“बाहेर ये, नाहीतर तुझेही तुकडे करीन!” बुवा गरजले. लगेच, कीर्तनातल्या सवयीनं, त्यांचा स्वर पालटला. “भिऊ नकोस गं बाळे, मी आलोय.”

केतकीनं रेकॉर्डिंग थांबवलं. “बुवा, हे लिहिलेलं नाही. तुम्हाला फक्त बाप करायचाय.”

“अगं, राक्षस जिवंत ठेवून आम्ही आरती करत नाही. पोरीला कोण सोडवतं?”

“कुणीच नाही,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “आमच्या घरी कुणीच आलं नव्हतं.”

बुवांनी डोळे पुसले, उपरणं कमरेला आवळलं.

“चालू कर ते यंत्र. आधी त्याची कुऱ्हाड हिसकावतो. केतके, तू डोळे मीट.”