ढेकीच्या जागी

मागच्या अंगणात ढेकीच्या जागी मोटार उभी होती.

बाबाराव हातातली धानाची टोपली घेऊन तसेच थांबले. बायकोच्या, इंदूच्या, तेराव्यानंतर ते दुर्गला लेकीकडे जाऊन राहिले होते. या घरात त्यांना घास गिळवत नव्हता. रविवारी इंदूचं वर्षश्राद्ध, म्हणून काल रात्री ते रायपूरला, गुढियारीच्या घरी परतले. अंगणात आता चकचकीत फरशी होती. वर पत्रा होता. पत्र्याखाली मुलाची, नीलेशची, पांढरी गाडी.

ढेकी म्हणजे धान कुटून तांदूळ काढायचा एक लांब ओंडका. एका टोकावर पाय दाबायचा, की दुसऱ्या टोकाचं मुसळ उठायचं आणि जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात पडायचं. इंदू लग्न होऊन आली तेव्हापासून त्यावर उभी राहिली. गल्लीत मिल आली तरी सणाचे तांदूळ तिनं ढेकीवरच काढले. पाय दाबायच्या जागी लाकडाला खळगा पडला होता. त्यात अंगठ्याची जागा वेगळी दिसायची.

घरची एक रीत होती. घरची बाई गेली की ढेकी वर्षभर बंद. वर्षश्राद्धाला सुनेनं अनवाणी उभं राहून पहिलं धान कुटायचं आणि त्याच तांदळाचे पिंड करायचे. सासूसाठी इंदूनं हेच केलं होतं. दवाखान्यात शेवटी शेवटी तिनं हसत बजावलं होतं, मिलचे तांदूळ ठेवाल तर कावळा होऊन भांडायले येईन.

नीलेश दाढी करत होता. त्यानं सांगितलं की ढेकी उन्हाळ्यातच दिली. तेलीबांध्याच्या पुढे, नव्या रायपूरच्या रस्त्यावर गावाच्या थाटाचं हॉटेल निघालं होतं. त्यांना जुन्या वस्तू हव्या होत्या. फुकट दिली, हे त्यानं दोनदा सांगितलं.

"काहून तापून राहिले, बाबा? जाळली थोडीच. सजवून ठेवली हाये त्यायनं."

"मंग मायलेही सजवूनच ठेवाचं होतं," बाबाराव म्हणाले.

नीलेशचा हात थांबला. सून मंजिरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. स्कूटीची किल्ली घेतली आणि सासऱ्यांना टोपलीसकट चला म्हणाली.

हॉटेलात नांगर भिंतीवर आडवा टांगला होता. सुपांमध्ये दिवे लावले होते. वेटरांच्या डोक्यांवर गुराखी पावसात घालतात तशा बांबूच्या खुमऱ्या होत्या. आत पाऊस पडतो काय, असं बाबारावांनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं. तो नुसता हसला.

ढेकी मधोमध चौथऱ्यावर होती. तिला तेलकट पॉलिश मारलं होतं. मुसळाच्या टोकाभोवती भाताच्या पेंढ्याचं तणस आणि झेंडूची फुलं रचली होती. एक पोट्टी बूट घालून खळग्यात उभी होती आणि तिची मैत्रीण फोटो काढत होती. बाबारावांनी एवढ्या जोरात उतर म्हटलं, की शेजारच्या टेबलावरचे लोक उभे राहिले.

मॅनेजर धावत आला. बाबारावांनी त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं. यावर चपला घालून घरातलं पोरही चढत नव्हतं. हिला दिवाळीत हळदकुंकू लागत होतं. जिनं जन्मभर यावर घाम गाळला, तिला विचारायला ती उरली नव्हती, पण तिचा नवरा जिवंत होता. नांगर काय भिंतीवर चालतो? सुपात काय उजेड पाखडतात? ज्या वस्तूनं पोट भरलं, तिचा तमाशा करता आणि वर त्याला गाव म्हणता.

शेवटी त्यांनी टोपली पुढे केली.

"ढेकी तुमची तुमच्यापाशी राहू द्या. मले फक्त एवढे तांदूळ काढू द्या. माह्या बायकोच्या पिंडाचे हायेत."

तो नाही म्हणेल आणि मग त्याची कॉलर धरता येईल, असं बाबारावांना वाटलं होतं. मॅनेजरनं हात जोडले.

"अरे अंकल, कूटिए ना. आपकी ही तो है. बस, हम एक वीडियो बना लेंगे."

बाबारावांनी टोपली चौथऱ्यावर ठेवली. मंजिरीनं चपला काढल्या. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिनं आधी लाकडाला हात लावून कपाळाला लावला. मग खळग्यात पाय ठेवला. पाय लहान पडला. तिनं सगळा भार दिला तसं मुसळ करकरत वर उठलं.

बाबाराव धान टाकायला वाकले. त्यांनी फुलं बाजूला केली. तणस बाजूला केलं. खाली गुळगुळीत सिमेंट होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"बाबा, टाका ना," मंजिरी म्हणाली. तिनं मुसळ वरच धरून ठेवलं होतं.

"उखळ कुठाय?"

"ओखली?" मॅनेजर म्हणाला. "वो तो पत्थर की थी, ज़मीन में गड़ी थी. लड़कों से उखड़ी नहीं. आपके घर पर ही होगी."

मंजिरीनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग तिनं पाय हळूहळू सैल सोडला. मुसळ कोरड्या सिमेंटवर टेकलं.

घरी आल्यावर बाबारावांनी नीलेशला गाडी काढून फरशीखालचं उखळ मोकळं करायला सांगितलं. फरशी नवी आहे, रविवार होऊन जाऊ द्या, मग पाहू, असं तो म्हणाला. रविवारी मिलच्या तांदळाचे पिंड झाले. कावळा आला आणि काही न भांडता निघून गेला. धानाची टोपली गाडीच्या बाजूला भिंतीशी ठेवलेली आहे. फरशी अजून फोडायची राहिली आहे.