वाढलं

"वाढलं," मंदारच्या दंडातली चकती म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या मंदारने सवयीने ताटाकडे पाहिलं. ताट रिकामंच होतं. वाढली होती ती रक्तातली चरबी.

"भात सोडल्यावर एक चरबी उतरली, आता दुसरी चढली," तो थकून म्हणाला.

चकतीचा निरोप पोचताच स्वयंपाकघरातला तुपाचा कप्पा बंद झाला. भाताचा गेल्या वर्षीच झाला होता.

"काय उरलं रे आता?" त्याच्या बायकोने, केतकीने, विचारलं.

"आग्रह. तेवढा कर."

केतकीने रिकामा डाव उचलला. "वाढू ना थोडा भात? वर तूप घालते."

मंदारने ताटावर आडवा हात धरला. "नको गं, पोट फुटेल."

हात बाजूला सारून तिने वाढलाच. चकती गप्प राहिली.