दीड महिना

"आजचा दिनविशेष. बारा जुलै एकोणीसशे एकसष्ट. पानशेतचं धरण फुटून पुणे शहरात महापूर आला."

शाळेच्या परिपाठात वाचायची आज दिशाची पाळी होती, त्यामुळे सकाळपासून घरात धरण सारखं फुटत होतं. तिची आजी, लीलाबाई, भाकरी थापत होती. लीलाबाईची मावशी साळूबाई, ऐंशी ओलांडलेली, भिंतीला टेकून लसूण सोलत होती.

"माजा बा त्याच पुरात गेला," लीलाबाई नातीला म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज दरवेळी जरा ताठ व्हायचा. "कोळशाची गाडी घिऊन पुन्याला गेल्ता. मी दीड म्हयन्याची व्हते. मला पोटाशी धरलं, न् मग बैल जुपलं त्यानं."

"म्हणजे तुझ्या आधारवरचा एक जून ना, आजी?" दिशानं बोटांवर हिशेब केला. "पण ते खरं नसतंय. आमच्या बाई म्हणल्या, आधी कुणाला तारीखच माहीत नसायची. शाळेत घातलं की मास्तर सगळ्यांची एक जूनच लिहायचे. शेजारच्या शंभूआजोबांची पण एक जूनच हाय."

पोरगी सहज बोलून वेणी घालायला बसली. लीलाबाईचा हात मात्र परातीतच राहिला. बापाचा फोटो नव्हता, त्याचा चेहरा तिला आठवणं शक्यच नव्हतं. त्यानं आपल्याला हातांत घेतलं होतं, एवढीच काय ती तिची इस्टेट.

"मावशे," ती हळूच म्हणाली, "मग मी त्याच्या आदी झाले का मागनं? तू व्हतीस ना तवा?"

साळूबाई होती तर. तिनंच पाणी तापवलं होतं. लीला जन्मली ती बारा जुलैलाच, दिवेलागणीला. तिचा बाप बहिरू आदल्या दिवशी गाडी घेऊन गेलेला, आणि गावात अजून पुण्याची धड बातमीही नव्हती. पोरीला कुशीत घेऊन लीलाची आई आक्का, म्हणजे साळूबाईची थोरली बहीण, वाटेकडे डोळे लावून पडली होती. बहिरू काही आला नाही. पुढं मास्तरांनी कागदावर एक जून लिहिलं आणि आक्कानं ती तारीख घट्ट धरून ठेवली. पोरीला बाप बघून गेला असंच सांगायचं, म्हणून तिनं धाकट्या बहिणीला बजावलं. आता आक्काही नव्हती. खरं ठाऊक असलेली साळूबाई तेवढी राहिली होती.

आणि साळूबाई म्हणजे कशी, तर अख्ख्या कासार आंबोलीत फटकळ. नव्या नवरीच्या तोंडावर आमटी अळणी झाली म्हणणारी. आजवर आक्का बोलायची आणि ही गप्प बसायची, त्यामुळे निभावलं होतं. आज पहिल्यांदाच तिच्यावर वेळ आली. तिनं हातातला लसूण खाली ठेवला.

"आदी," ती म्हणाली. "माज्या डोळ्यांदेखत."

लीलाबाई तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्यानं भागणार नव्हतं.

"पर तुला घ्यायला लई भ्यायचा तो," साळूबाई पुढं बोलू लागली, थांबत थांबत, जणू आठवतंय तसं. "भट्टीवरनं यायचा. हात कोळशानं काळे. धुवून धुवून यायचा, तरी म्हनायचा, नगं, पोर मळंल."

"मग?" लीलाबाईनं विचारलं. चौसष्ट वर्षांची बाई, पण आवाज दिशापेक्षाही लहान झाला होता.

"मग काय. जायच्या दिशी आक्कानं दिलंच हातात. तुज्या गालाला हितं, हे एवडं काळं लागलं." साळूबाईनं वाकून तिच्या गालावर बोट टेकवलं. "मी पुसाया गेले, तर आक्का म्हनली, ऱ्हाऊ दे. बापानं तीट लावली."